वेणी होईस्तोवर

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे केस. धूळ नाही, घाम नाही, केस. ज्या यंत्रावर मी काम करते त्यानं एक अख्खी खोली अडवली आहे, आणि त्याच्या पोटात हवेचा कणही चालत नाही. नमुन्याबरोबर एखादा केस आत गेला तर त्याबरोबर शिरलेली हवा पुन्हा उपसून काढायला तीन दिवस जातात. यंत्र सांभाळणारे इंजिनिअर काका त्याला 'म्हातारी' म्हणतात. "म्हातारी रुसली" असं ते म्हणाले की सगळ्यांचे हात आपापल्या डोक्याकडे जातात. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात म्हातारी माझ्यामुळे दोनदा रुसली. तिसऱ्यांदा रुसायच्या आत मी कंबरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापून टाकले.

आईनं ते बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मग आता तू आलीस की सकाळी मी करायचं काय?"

मी तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकते. भावनेच्या भरात काहीतरी मोजायचं राहून गेलं असं माझ्या बाबतीत होत नाही. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

म्हातारीचं काम तसं सोपं आहे. दगडावर एका जागी ती अतिसूक्ष्म झोत सोडते. केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा खड्डा पडतो, आणि त्यातून उडालेले अणू ती एकेक करून तोलते. आमच्याकडे बहुतेक वेळा गुहांमधले चुनखडीचे खांब येतात. थेंबाथेंबानं साचलेले थर असतात, आणि कुठला थर ओल्या वर्षाचा, कुठला कोरड्या, ते ऑक्सिजनवरून कळतं. ऑक्सिजन हलका असतो तसा जडही असतो. पाणी उकळलं की हलका आधी वाफेबरोबर पळतो, जड मागे रेंगाळतो. म्हणजे पाणी जितका जास्त वेळ उकळेल, तितका त्यातून खाली बसणारा क्षार जड. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

दादाचा फोन आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत होते.

"बाबा गॅस चालू ठेवून विसरतात," तो म्हणाला. "रोज. शेजारच्या काकूंनी सांगितलं. सकाळी सहाला स्वयंपाकघराच्या काचा वाफेनं भरलेल्या असतात, आणि बाबा तर सातपर्यंत उठत नाहीत. म्हणजे मध्येच उठतात, किटली ठेवतात आणि पुन्हा जाऊन झोपतात. त्यांना आठवतसुद्धा नाही."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, मी कशाला ठेवू सहाला किटली?"

त्याच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे, तो म्हणाला, चांगला आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत. खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतील. फॉर्मवर दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. त्याची झाली होती, फॉर्म त्यानं माझ्याकडे पाठवला होता.

दादा वाईट नाही. तो घाबरला होता. मीही घाबरले. मी बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "माझं इथं बरं चाललंय, ठमे. पण तुम्ही दोघं जे ठरवाल ते." हे घर सोडून बाबा दोन महिने काढणार नाहीत, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी मनगटावरचं घड्याळ काढून झोपत नाहीत. किटलीच्या बाबतीत त्यांचा एकच नियम: शिट्टी झाली की गाडी सुटली पाहिजे. पहिल्या फुंकरीला गॅस बंद. सकाळी सातला एक चहा, दुपारी साडेचारला एक. असा माणूस किटली विसरतो हे मला पटेना. पण वय झालं की काय होतं, काय सांगावं.

आईचं उलट. मला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हापासून घरातलं पिण्याचं पाणी ती उकळून घ्यायची. रोज सकाळी सहाला किटली चढवायची, शिट्टीचं टोपण काढून ठेवायची आणि पाणी खळखळ उकळू द्यायची. किती वेळ? तिचं माप ठरलेलं होतं. वेणी होईस्तोवर. आधी स्वतःची घालायची, मग मला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवून माझी. माझी गुंफून झाली की गॅस बंद. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत, संशोधनाचा प्रबंध लिहून होईपर्यंत, माझी वेणी आईनं घातली. हसायचं असेल तर हसा.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर बाबांनी पिण्याच्या पाण्याला फिल्टर बसवून घेतला, चहाला मात्र नळाचंच पाणी.

दादाला मी म्हटलं, "सही करायच्या आधी मला महिनाअखेरपर्यंत वेळ दे. मी मोजून सांगते."

"काय मोजणार आहेस?"

"किटली."

पुढच्या रविवारी मी सकाळी गेले आणि संध्याकाळी परतले. आईचं दिवसकार्य आटोपल्यापासून माझं येणंजाणं असंच, मुक्कामाला मी राहिलेच नव्हते. त्या घरात सकाळी सहाला जाग आली तर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडचं पाणी इतकं जड की किटलीत क्षार साचून दगड होतो. आई तो कधी काढू द्यायची नाही, त्यानं पाण्याला गोडी येते म्हणायची. तोटीच्या खाली, कोपऱ्यात, बिस्किटाएवढा जाड थर होता. किटली बाबा निवृत्त झाले तेव्हाची, म्हणजे थरही बारा वर्षांचा. मी छिन्नीनं त्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा काढला. बाबा शेजारी उभे राहून बघत होते.

"काढ. पण शिट्टीला हात लावू नकोस," ते म्हणाले. "टोपण सैल आहे. रोज काढून काढून सैल झालंय."

"तुम्ही रोज काढता?"

"मी कशाला काढू? मला शिट्टी लागते."

त्यांनी विषय बदलला. परतताना मी नळाचं पाणीही कॅनमध्ये भरून घेतलं.

प्रयोगशाळेत मी आधी मोजपट्टी तयार केली. म्हणजे त्याच नळाचं पाणी एक मिनिट, पाच, दहा, वीस, तीस मिनिटं उकळून काचेच्या पट्ट्यांवर क्षार धरला आणि किती मिनिटांना किती जड ते लिहून ठेवलं. मग तो तुकडा राळेत बसवला, घासला, आरशासारखा चकचकीत केला आणि म्हातारीच्या पोटात ठेवला. दर पाच ठिपक्यांनंतर एकदा ओळखीच्या दगडावर मोजायचं, असा आमचा रिवाज आहे. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा दगड. तो बरोबर बोलला तरच अनोळखी दगडावर विश्वास ठेवायचा.

मी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे ताज्या थरांपासून सुरुवात केली. रोजचे दोनच थर असावेत, दोन्ही हलके, एवढीच माझी इच्छा होती.

थर तीन निघाले. एक जड, दोन हलके. एक जड, दोन हलके. रोज.

माझा चेहरा पडलेला बघून काकांनी विचारलं, "काय झालं, बाई? कोण गेलं?"

"कोणी नाही. बाबा विसरायला लागलेत."

दादा खरा ठरला होता. फॉर्म माझ्या पिशवीतच होता, पेनही होतं. पण हात जाईना, कारण आकडे नीट दिसत नव्हते. म्हणजे फारच नीट दिसत होते. विसरभोळा माणूस एक दिवस चार मिनिटं विसरेल, एक दिवस चाळीस. हे तसं नव्हतं. मी साठ दिवस मोजले. अकरा मिनिटं, अकरा, साडेदहा, अकरा. इतक्या शिस्तीत कोणी विसरतं का?

मी आत आत गेले. तीन वर्षांच्या खोलीवर एक करडी रेघ लागली, धुळीची. आई दवाखान्यात होती आणि किटलीला कोणी हात लावला नव्हता, ते दिवस. रेघेच्या पलीकडे आई जिवंत होती. तिथला जड थरही अकरा मिनिटांचा होता.

मी आणखी आत गेले. नऊ वर्षांच्या खोलीवर आकडा एकदम बदलला. अकराचे एकोणीस झाले. मला वाटलं म्हातारी बिघडली. ओळखीचा दगड तपासला, तो बरोबर बोलत होता. थर पुन्हा मोजले, तारीख काढली. मी नोकरीसाठी घर सोडलं तो आठवडा होता.

त्याआधी एकोणीस मिनिटं. त्यानंतर अकरा. दोन वेण्या, मग एक.

मी यंत्रासमोर बसून रडले. डोळ्यांत पाणी आलं वगैरे नाही, सरळ हुंदके देऊन रडले. माझ्या जाण्याची नोंद अशी कुठे झाली असेल, आणि इतकी वर्षं चहाबरोबर रोज उकळली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. काकांनी फक्त खोलीचं दार लोटून घेतलं.

डोळे पुसून मी पुन्हा करड्या रेघेवर आले, कारण एक गोष्ट मोजायची राहिली होती. रेघेनंतर जड थर पुन्हा सुरू कधी झाला?

रेघेनंतर सतरा दिवस नुसते हलके थर होते. बरेच, घरात माणसं होती तेव्हाचे. अठराव्या दिवशी सकाळी पहिला जड थर. अकरा मिनिटं.

सतराव्या दिवशी संध्याकाळी मी आणि दादा बाबांचा निरोप घेऊन आपापल्या घरी परतलो होतो. त्या रात्रीपासून बाबा एकटे होते.

हे मी कोणाला सांगितलं नाही. मला स्वतःलाही नीट सांगितलं नाही. बाबाच सहाला उठत असतील, आईच्या आठवणीनं तिच्यासारखं पाणी उकळत असतील आणि आम्हाला सांगायला लाजत असतील, असं मी ठरवून टाकलं. पटण्यासारखं होतं. तेवढं डोळ्यांनी बघायचं, म्हणजे झालं. मी दहा दिवसांची रजा टाकली.

गुहांमध्ये आम्ही थेंबाखाली काचेची पट्टी ठेवतो, नवा क्षार तिच्यावर कसा साचतो ते बघायला. तशीच एक पट्टी मी किटलीत, तोटीच्या खाली, तारेनं बांधली. रोज पहाटे साडेपाचला उठून वही घेऊन स्वयंपाकघरातल्या त्याच स्टुलावर बसायला लागले. ओट्याकडे तोंड, किटली समोर, हात लावता येईल इतकी जवळ. बाबा आतल्या खोलीत झोपलेले असायचे. त्यांच्या पलंगाचा एक पाय करकरतो, ते उठले असते तर मला कळलंच असतं.

ते सातच्या आधी एकदाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येऊन त्यांनी किटली ठेवली, शिट्टी झाली, गॅस बंद केला. माझ्यासमोर कप ठेवत म्हणाले, "झोप लागली का नीट?"

"बसल्याबसल्या लागली थोडी."

"लागणारच." ते माझ्या डोक्याकडे बघत होते.

"काय बघताय?"

"काही नाही. चहा घे."

त्या दहा दिवसांत मी फार सुखात होते. आम्ही पत्ते खेळलो, बाबांनी मला दर डावाला फसवलं, आणि पकडल्यावर 'चष्मा जुना आहे' म्हणाले. सकाळी माझं डोकं हलकं असायचं आणि केसांच्या मुळाशी किंचित दुखायचं, कुणी घट्ट ओढल्यावर दुखतं तसं. उशी बदलली म्हणून असेल, असं मी धरून चालले.

निघायच्या दिवशी बाबांनी विचारलं, "मग? काय ठरलं तुमचं?"

"दोन दिवसांत सांगते."

"सांग. सामान बांधायचं तर वेळेत बांधायला हवं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी म्हातारीच्या पोटात गेली. दहा दिवस, रोज तीन थर. एक जड, दोन हलके.

मी वही काढली.

पहिला दिवस. पाच अठ्ठावन्न, किटली गार, गॅस बंद. पुढची नोंद सहा चाळीसची.

दुसरा दिवस. पाच सत्तावन्न. पुढची नोंद सहा चाळीस.

दहाही दिवस तसंच. अक्षर माझंच. मधल्या वेळाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि ते लिहिलेलं नाही हे दहा दिवसांत मला एकदाही जाणवलं नव्हतं. चौथ्या दिवशी सहा चाळीसला 'कोमट?' असं लिहून मी खोडलंय. का खोडलं ते लिहिलेलं नाही.

मग मी जड थराचा आकडा मोजपट्टीशी ताडला.

मला एकोणीस अपेक्षित होते. हो, अपेक्षित होते, आता कशाला खोटं बोलू. दोन वेण्यांचे एकोणीस.

सत्तावीस निघाले.

ओळखीचा दगड तपासला. बरोबर होता. पुन्हा मोजलं. सत्तावीस, सत्तावीस, साडेसव्वीस. इतका वेळ ती किटली बारा वर्षांत कधी उकळली नव्हती.

"पाण्याला एवढं कोण उकळतं?" काकांनी विचारलं.

एकोणीस मी समजू शकत होते. हे वरचं आठ मिनिटांचं गणित मला सुटेना. आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मी ॲप्रनच्या खिशात टाकला आणि बाहेर जिन्यात येऊन दादाला फोन लावला.

"मोजलं," मी म्हटलं. "गॅस कोणी विसरत नाही. सहाला किटली चढते ती नीट बघून चढते, आणि झालं की बंद होते. तीन वर्षांत एकदाही चूक नाही. बाबांना काही झालेलं नाही. मी सही करणार नाही."

"चढते म्हणजे? कोण चढवतं?"

मी खिशातली चिठ्ठी बोटांनी चाचपली.

त्याच्याकडे कुठेतरी दार वाजलं. मग तो हळूच म्हणाला, "अजून सहालाच?"

"सहालाच."

"टोपण काढून?"

"हो."

"माझी शाळेची बाटली त्याच उकळलेल्या पाण्याची असायची," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "नको करूस सही. खोलीचं मी कळवतो त्यांना."

बाबांना फोन केला तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांनी पहिल्या घंटीला उचलला.

"सामान बांधू नका," मी म्हटलं. "तुम्ही तिथंच राहायचंय. आम्ही दोघांनी ठरवलंय."

पलीकडे त्यांनी नाक पुसल्याचं ऐकू आलं.

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं. इथल्यांनाही बरं वाटेल."

"बाबा, पुढच्या महिन्यात मी राहायला येते. दर महिन्याला येत जाईन."

"ये की. पण ठमे, एक सांगायचं राहिलं. केस थोडे वाढवून ये."

"का?"

"हातात धरायला काही येत नाही म्हणते. सारखे सुटतात. दोन वेण्यांना किती वेळ लावायचा माणसानं? मी आपला पडल्यापडल्या घड्याळ बघत असतो. रोज सत्तावीस मिनिटं."